आईची डावी बाजू

“हिला आधी बाहेर काढा, मग ताट ठेवा.”

आई एवढंच म्हणाली, आणि तेही एल्स्पेथला नाही, जेवणाची गाडी ढकलत आलेल्या बाईला. एकोणीस वर्षांनी आईचा आवाज कानावर पडला तो हा असा. एल्स्पेथ पलंगाच्या उजव्या अंगाला उभी होती, ओला कोट अजून अंगात, हातात पिशवी, पिशवीत वाटेत उगीच घेतलेली द्राक्षं. सकाळी ती कामावर असताना इस्पितळातून फोन आला होता. तुमची आई स्वयंपाकघरात पडली, डावं अंग गेलंय, उजवं मनगट मोडलंय, मुलाला फोन लावतोय पण कुणी उचलत नाही. उचलणार कसं? रविवार होता. रविवारी सभेतल्या, म्हणजे आईच्या त्या कडव्या ख्रिस्ती पंथातल्या, घरांत फोन वाजून वाजून आपोआप गप्प होतो. मग इस्पितळानं कुठून तरी एल्स्पेथचं नाव शोधून काढलं होतं. बसमध्ये बसल्या बसल्या तिनं सगळं रंगवून ठेवलं होतं: आई रडेल, नाही तर तोंड फिरवेल, नाही तर ओळखणारच नाही. आईनं ओळखलं. तिची नजर एल्स्पेथच्या चेहऱ्यावर थांबली, मग कापलेल्या केसांवर गेली, तिथं जरा जास्त थांबली, आणि ताटाकडे वळली. भूक लागली होती तिला. वाफाळत्या बटाट्याकडे ती ज्या नजरेनं बघत होती ती एल्स्पेथला लख्ख कळली, आणि आपण इथं उभ्या आहोत तोवर हा बटाटा निवत जाणार, हेही कळलं. कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

जेवणाची गाडी घेऊन आलेली बाई म्हणजे दानुता, पोलंडहून येऊन या ॲबर्डीन शहरात मुरलेली, रुंद खांद्यांची, वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ‘माझ्या राण्या’ म्हणणारी. तिनं एल्स्पेथला दंडाला धरून बाहेर आणलं, परत आत जाऊन आईभोवतीचा पडदा खर्रकन ओढला आणि बाहेर आली.

“एक विचारू? रागावू नका. या तुमच्या आई जेवताना पडदा ओढायला का लावतात? मला वाटलं, लाजतात. सांडतं म्हणून.”

“खोलीतल्या बाकीच्या बायकाही तेव्हाच जेवतात ना. सभेबाहेरच्या माणसांबरोबर बसून जेवायचं नसतं. पडदा असला की चालतं.”

“बरं. मग तुमच्यासाठी पडदा का नाही? तुम्हाला एकदम खोलीबाहेर?”

“त्या बायका नुसत्या बाहेरच्या. मी आत होते आणि बाहेर गेले. मला वाळीत टाकलंय. माझ्यासाठी पडदा पुरत नाही, भिंत लागते.”

“अरे देवा,” दानुता म्हणाली. मग जरा विचार करून, “नाही म्हणजे, देवाचं नाव इथं घ्यावं की नाही तेच कळेना मला,” असं म्हणून ती हसली, आणि एल्स्पेथही हसली. हे हसू तिच्या ओळखीचं होतं, सरावाचं होतं.

या शहरात आल्यापासून सभेच्या गोष्टींवरच तर तिनं माणसं जोडली होती. कुणाच्या घरी जेवणाला गेलं, वाइनचा दुसरा पेला झाला की कुणीतरी म्हणायचंच, एल्सी, ती गटाराची गोष्ट सांग. मग ती सांगायची. तिच्या बापानं त्यांच्या इन्व्हरगार्थ गावातलं चांगलं दगडी घर विकून वाऱ्याच्या तोंडावरचं एक खुराडं घेतलं, का, तर जुन्या घराचं सांडपाणी आणि शेजारच्या पोस्टमनच्या घराचं सांडपाणी पुढं एकाच नळात मिळत होतं. बाहेरच्यांशी जोडलेलं काही नको, जमिनीखालीसुद्धा. माणसं हसून हसून लोळायची. मग ती वर आणखी फोडणी द्यायची: सभा कशी तीनदा फुटली, शेवटच्या वेळी तर स्त्रियांनी डोक्याला बांधायचा रुमाल किती बोटं रुंद असावा यावर फुटली, आणि आता गावात जेमतेम तीन घरं उरली आहेत, आणि तीन घरांच्या मते स्वर्गात जागा तेवढीच आहे. आईची नक्कल ती उत्तम करायची. ओठ घट्ट मिटायची, हनुवटी वर, नजर माणसाच्या कानाच्या पलीकडं. ती नक्कल करताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र तो चेहरा खरोखरीचा समोर होता, अर्धा ओघळलेला, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात लाळ साठली होती, आणि एल्स्पेथला वाटलं, आपण इतकी वर्षं कुणाच्या तरी मयताचे कपडे घालून नाचत होतो की काय.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम जेवणाची वेळ टाळून चार वाजता गेली. उजव्या बाजूच्या खुर्चीत बसली. “आई, मी आलेय. काही खात नाहीये. नुसती बसते,” म्हणाली. आईनं डोळे मिटले. झोपेचे नव्हेत, सभेत प्रार्थनेला मिटतात तसे, पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत घट्ट. एल्स्पेथ बसून राहिली. बाहेर समुद्रावरून धुकं चढून आलं, समोरच्या इमारतीचा काळा दगड दिसेनासा झाला, गाड्यांचे दिवे पेटले. आईचा श्वास भराभरा चालत होता. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलत होती. शेवटी एल्स्पेथ उठली. त्या संध्याकाळी आईनं घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही, असं दानुतानं नंतर सांगितलं. “तुम्ही गेल्यावरही डोळे उघडेनात. मी कानाशी ओरडून सांगितलं, गेली हो तुमची मुलगी. तेव्हा उघडले. आणि मग दाराकडं बघत बसल्या. आता याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.”

डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, आणि त्यानं हाताच्या पंजानं स्वतःचा अर्धा चेहरा झाकून समजावून सांगितलं. डोळा शाबूत आहे. मेंदूनंच डावी बाजू सोडून दिली आहे. तिच्या लेखी डावीकडं काही नाहीच, नुसता अंधारही नाही, बाजूच नाही. म्हणून ती ताटातला उजवा अर्धा खाते आणि संपलं म्हणते. ताट फिरवलं की नवल करते, आणखी आलं का? म्हणून डावीकडच्या खुर्चीत कुणी बसलं तर तिला पत्ता लागत नाही. हे सुधारेल, कदाचित. पण खाल्लं पाहिजे. हे असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळी त्या नको म्हणतायत. त्यांनी दोन आठवडे नीट खाल्लं, ताकद आली, तर त्यांना घरी पाठवता येईल. त्यांना फक्त घरी जायचंय, दुसरं काही मागत नाहीत. नाही तर मग… आणि त्यानं पंजा खाली घेतला. एल्स्पेथला वाटलं, हा माणूस आता ते वाक्य म्हणेल. त्यानं म्हटलं, “मला समजतंय, तुम्हाला किती त्रास होत असेल.”

ते वाक्य तिच्या रोजच्या धंद्याचं होतं. घरोघरच्या गरम पाण्याच्या बॉयलरची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीत ती फोनवर तक्रारी घेते. पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या बाईनं सगळ्यांकडून ते घोकून घेतलं होतं. बाकीचे फिदीफिदी हसत होते. एल्स्पेथ मात्र थक्क झाली होती. असं म्हणता येतं? समोरच्याला त्रास होतोय, आणि तो आपल्याला समजतोय, आणि त्यात त्याचं काय चुकलं ते काढायचं नाही? तिला लहानपणापासून वेगळंच शिकवलं होतं. शेजारच्या गावची होडी बुडाली आणि पाच माणसं गेली तेव्हा बापानं जेवणाच्या टेबलावर बायबल उघडून त्यांनी रविवारी जाळी टाकली होती हे सांगितलं आणि मग सगळ्यांनी मासे खाल्ले. एल्स्पेथनंही खाल्ले. चवीनं खाल्ले. तिला त्या होडीतल्या कुणाचं तोंड आठवलंही नाही, आणि तिच्याच वयाची त्यांच्यातल्या एकाची पोरगी रोज बसथांब्यावर तिच्या शेजारी उभी असायची. दुसऱ्याचं दुःख म्हणजे लागलेला निकाल. निकालाला कुणी रडतं का? शहरात आल्यावर कितीतरी दिवस तिला हे जमतच नव्हतं. एका मैत्रिणीचा नवरा सोडून गेला तर हिच्या तोंडून निघून गेलं, “काही कारण असेल.” मैत्रीण पुन्हा बोलली नाही. मग ती लोकांना बघून बघून शिकली, जसं कुणी मोठेपणी पोहायला शिकतं, हात कुठं ठेवायचा, कधी गप्प बसायचं, कधी चहा ठेवते म्हणायचं. आणि एक दिवस फोनवर एक म्हातारा थंडीत कुडकुडत बॉयलरबद्दल बोलता बोलता मेलेल्या बायकोबद्दल बोलायला लागला, आणि एल्स्पेथनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, आणि मग बॉयलर विसरून तिला त्याच्या बायकोचं नाव विचारावंसं वाटलं. वाक्य खरं झालं होतं. त्या दिवशी ती घरी चालत गेली, आनंदानं. आपण माणसात आलो, असं तिला वाटलं होतं. हो, पण त्या माणसांत आई नव्हती. आई ती गटाराची गोष्ट होती.

भरवण्याचं सुरू झालं ते ठरवून नव्हे. भावाची, गिल्बर्टची, बायको ख्रिसी गावाहून आठवड्यातून दोनदा बसनं येऊन सासूला भरवून जायची. त्या दिवशी एल्स्पेथ फिरकायची नाही. बाकीच्या दिवशी दानुता. पण दानुताला सगळा वॉर्ड होता, आणि आई एकेक घास तोंडात घोळवत बसायची. अशाच एका दुपारी एल्स्पेथ आली ती दाराशी उभं राहून कसं काय विचारायला. दानुता पडद्याच्या आत, पलंगाच्या डाव्या बाजूला, हातात खिमा-बटाट्याची वाटी. एल्स्पेथला तिनं खुणेनं आत बोलावलं. तेवढ्यात पलीकडच्या पलंगावरची म्हातारी काहीतरी ओरडली आणि धप्पकन आवाज झाला. “धरा जरा,” म्हणून दानुतानं वाटी एल्स्पेथच्या हातात कोंबली, स्वतःच्या अंगावरचा प्लास्टिकचा एप्रन तिच्या गळ्यात अडकवला आणि गेली. आई तोंड उघडून होती. तिच्या कानातलं ऐकायचं यंत्र खणात ठेवलेलं होतं, कारण ते घातलं की चावताना डोक्यात गडगडाट होतो म्हणते. मासळीच्या कारखान्यात यंत्रांशेजारी आयुष्य गेलं, कान तिथंच गेले. तिला पलीकडचा आवाज ऐकू आला नव्हता. माणूस बदललं हे दिसलं नव्हतं. ती वाट बघत होती, तोंड उघडं ठेवून, अगदी विश्वासानं. एल्स्पेथच्या हातानं चमचा उचलला. तिनं नाही, हातानं. चमचा ओठांशी गेला, ओठ मिटले, घास आत गेला.

बाई गं! काय वाटलं तिला ते सांगता येत नाही. जिंकल्यासारखं वाटलं, हे आधी. नियम मोडला, आईकडून मोडवला, आणि आभाळ कोसळलं नाही. दुसरा घास. तिसरा. आईच्या गळ्याची कातडी प्रत्येक घासाला खालीवर व्हायची. तिच्या हनुवटीवर एक पांढरा केस होता, आणि एल्स्पेथला तो इतक्या जवळून पुन्हा कधी दिसेल असं वाटलं नव्हतं. दानुता परत आली, पडद्याच्या फटीतून बघितलं, मागं सरली. वाटी संपली. आई म्हणाली, “थांब.” तिनं डोळे मिटले, हळूच मिटले, घट्ट नाही, आणि जेवणानंतरची प्रार्थना म्हटली, आणि शेवटी जोडलं: “आणि प्रभो, हे हात परक्याचे आहेत, तरी तू यांना आशीर्वाद दे.”

मग रोजचंच झालं. एल्स्पेथनं कामाच्या पाळ्या बदलून घेतल्या. ती यायची, एप्रन चढवायची, निळे हातमोजे घालायची, डावीकडच्या खुर्चीत बसायची. दानुता म्हणाली, “तुम्ही भरवलेलं सगळं संपतं. माझ्याकडून अर्धं. काय जादू आहे?” जादू कसली, एल्स्पेथला घाई नव्हती. तिला ठाऊक होतं की बटाटा फार गरम चालत नाही, की खिरीवरची साय आधी द्यायची. ही साय एल्स्पेथच्याच आवडीची होती. ती एकवीस वर्षांची असताना मासळीच्या कारखान्यात तिच्याबरोबर काम करणाऱ्या, सभेबाहेरच्या डोरीनचं तान्हं बाळ गेलं, आणि एल्स्पेथ तिच्या घरी गेली, आणि रडत रडत डोरीननं तिच्यापुढं केकचा तुकडा धरला. नाही कसं म्हणणार? डोरीनच्या डोळ्यांकडं बघत तिनं तो खाल्ला. संध्याकाळी सभेचे दोन वडीलधारे दारात. खाल्लंस? खाल्लं. पश्चात्ताप होतोय? ती रडत होती हो, एवढंच एल्स्पेथला म्हणता आलं. मग माडीवरच्या खोलीत तिला बंद केलं. कुलूप नव्हतं, गरज नव्हती. खाली सगळे जेवायचे, वर तिचं जेवण जिन्याच्या वरच्या पायरीवर यायचं. आई ताट ठेवायची, दार एकदा वाजवायची आणि दार उघडायच्या आत खाली उतरायची, म्हणजे तोंड दिसायला नको. सगळा उन्हाळा तिनं आईची फक्त पावलं ऐकली. पण भाताची खीर असली की सगळ्या घराच्या पातेल्यावरची साय तिच्या वाटीत असायची. तेव्हा एल्स्पेथला त्याचा संताप आला होता. दयाच करायची तर तोंड दाखव ना! साय कसली देतेस? आणि एका सकाळी ती त्या पायऱ्या उतरून, दार उघडून, बसथांब्यावर जाऊन उभी राहिली ती उभीच. आता चमच्यावर साय घेताना तिला वाटायचं, त्या पायऱ्या रोज दोनदा चढून येताना आईचे गुडघे दुखत असणार. हे तिला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. बॉयलर बिघडलेल्या अनोळखी लोकांचे गुडघे तिला कळत होते.

आईला ताकद येत होती. गालावर रंग आला. डॉक्टर म्हणाला, असंच चालू द्या. एल्स्पेथनं ठरवलं होतं, आई आणखी जरा सावरली की सांगायचं. उजव्या बाजूला जायचं, खाली वाकायचं, आणि म्हणायचं, बघ, माझ्याच हातचं खाल्लंस, काही झालं का? किती वेळा मनात म्हणून पाहिलं. छान वाटायचं ऐकायला.

आणि रविवार आला. दुपारचं जेवण झालं होतं, आईनं यंत्र कानात घालून घेतलं होतं, दानुता पडदा उघडून गेली होती. एल्स्पेथ उठणार तोच दारात गिल्बर्ट. तिचा मोठा भाऊ. काळा कोट, हातात टोपी, डोकं पार पांढरं झालेलं, बापासारखा दिसायला लागलेला. सकाळची सभा उरकून तो एरवीपेक्षा लवकर आला होता. आई उजवीकडं वळून “आलास का रे” म्हणाली. गिल्बर्टनं डावीकडच्या खुर्चीत बघितलं. एप्रन बघितला, हातमोजे बघितले, मांडीवरची रिकामी वाटी बघितली. एल्स्पेथ हलली नाही. उठली असती तर खुर्ची वाजली असती. तो उजव्या बाजूला बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. त्याच्या दोन्ही हातांची बोटं टोपीच्या कडेनं गोल गोल फिरत राहिली.

“ख्रिसी म्हणत होती, तू हल्ली जेवतेस म्हणून.”

“जेवते की. इथली एक मुलगी भरवते मला. दिसत नाही, या बाजूचं मेलं काहीच दिसत नाही. पण हात चांगलाय तिचा. घाई करत नाही. बाकीच्या कोंबतात.”

गिल्बर्टनं टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

“मी नेम पाळलाय हो, गिल्बर्ट,” आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या पोरीसारखा. “इथं सगळा बाजार आहे. टीव्ही चालू, शिव्या चालू. पण पडद्याशिवाय एक घास घेतला नाही. आता देवापुढं जायचं झालं तर हात हलवत जाणार नाही मी. एवढं एक नेईन.” मग थांबून, “एल्सी आली होती.”

“हं.”

“दोनदा आली. पहिल्यांदा मी बाहेर काढायला लावलं. मग परत आली, तर डोळे मिटून घेतले. केस कापलेत तिनं. बारीक झालीय. मग काही आली नाही.” तिची उजवी भुवई वर गेली, डावी जागेवरच होती. “तिला राग फार. माझ्यावरच गेलीय. तुला दिसली का रे कुठं? खाली बिली? बाहेरच्या बाकावर?”

गिल्बर्टनं मान वर केली. पलंगावरून, आईच्या पांढऱ्या केसांवरून त्यानं थेट एल्स्पेथच्या डोळ्यांत बघितलं. सभेचा नियम त्याला तिच्याकडं बघायचीही परवानगी देत नव्हता. हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नव्हता. लहानपणी बापाच्या हातचा मार खायचा पण खोटं बोलायचा नाही. एल्स्पेथ बोलायची आणि तो तिच्यासाठीही बोलायचा नाही, म्हणून तिला त्याचा राग यायचा. आता त्याचे ओठ हलले, थांबले. सांग, एल्स्पेथच्या मनात आलं, सांगून टाक, सुटू दे. आणि त्याच क्षणी, नको, नको रे गिल्बर्ट, तिच्याकडं तेवढं एकच आहे.

“नाही, आई,” गिल्बर्ट म्हणाला. “नाही दिसली.”

आईनं मान हलवली. “नसेलच आली,” म्हणाली. तो फार वेळ बसला नाही. प्रार्थना म्हणताना मधेच अडखळला आणि आईनं पुढचे शब्द सांगितले. जाताना पलंगाच्या पायथ्याशी तो जरा घुटमळला, आणि एल्स्पेथला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. त्यानं टोपी घातली आणि चुकून जिन्याऐवजी कपड्यांच्या कोठीचं दार उघडून बसला. दानुतानं त्याला वाट दाखवली.

एल्स्पेथ त्या दिवशी बसथांब्यावर न जाता बंदराकडं चालत सुटली. सांगायचं म्हणे! कुणाला, कशासाठी? आई जी गोष्ट छातीशी धरून देवाकडं निघाली आहे ती आपण रोज वाटीवाटीनं चोरतो आहोत, आणि चोरली हे सांगणं म्हणजे ती डोळ्यांदेखत फोडणं. बरं, मग भरवायचं बंद करायचं? बंद केलं की आईची अर्धी वाटी उरणार, मग नळी, मग घर नाहीच. उजव्या बाजूला जाऊन बसायचं, मी आलेय म्हणून दाखवायचं, तर ती पापण्या आवळणार आणि संध्याकाळचं पाणीही घेणार नाही. आणि डावीकडं बसायचं म्हणजे दोनदा येऊन रुसून गेलेली पोरगी व्हायचं, कायमची. कुठूनही बघितलं तरी भिंत. फोनवर ती लोकांना म्हणायची, आपण काहीतरी मार्ग काढू हं. कसला मार्ग? तिनं हात टेकले. बंदरात एक मोठं निळं जहाज उभं होतं आणि त्याच्या दोरावर सीगल ओळीनं बसले होते, आणि तिला पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, आईसारखं वाटून बघता आलं. त्या पलंगावर आपण पडलोय. अर्धं जग गेलंय. मोडलेला हात प्लास्टरमध्ये. आणि एकच गोष्ट अजून आपल्या ताब्यात आहे, ओठ मिटणं. ही गोष्ट खुळी आहे की शहाणी, हा प्रश्नच तिथं पडल्या पडल्या येत नाही. तिला रडू आलं. आईची कीव आली म्हणून नव्हे. ती कीव नव्हती, कीव सोपी असते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी ती गेली. दानुतानं वाटी पुढं केली तेव्हा तिनं आधी मान हलवली. दानुता म्हणाली, “माझ्या राण्या सगळ्या आज बसल्यायत तोंडं उघडून. तुम्ही नाही तर मग अर्ध्या तासानं येईन मी, तोवर निवेल.” एल्स्पेथनं हातमोजे घातले. पडदा ओढला गेला. भाताची मऊ खीर होती, वर साय. आईनं दोनतीन घास घेतले आणि चौथ्याला तोंड उघडलं नाही. एल्स्पेथचा चमचा हवेतच राहिला.

“तू बोलत नाहीस कधी,” आई समोर बघत म्हणाली. “मला ऐकू येत नाही म्हणून ना? जवळ येऊन मोठ्यानं बोललं की येतं.”

एल्स्पेथ वाकली. आईच्या कानाला इस्पितळाच्या साबणाचा वास होता. “काय बोलू?” ती ओरडली. ओरडताना आवाज कुणाचाही होतो. आईनं ओळखलं नाही.

“आई आहे का तुला?”

“आहे.”

“जातेस ना तिच्याकडं?”

“जाते. रोज जाते.”

“बरं करतेस.” आई जीभ गालाच्या आतून फिरवत राहिली, अडकलेलं भाताचं शीत शोधत असावी. “मलाही एक आहे. याच शहरात असते. दोनदा आली होती. एकदा तरी यावी पुन्हा, असं वाटतं बघ.”

एल्स्पेथच्या हातातला चमचा कलला. थोडी खीर चादरीवर पडली. आईला ती दिसली नाही, ती डावीकडं पडली होती.

“बोलावू का तिला?” एल्स्पेथनं आईच्या कानात विचारलं. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं असेल. “सांगा. आत्ता बोलावते.”

आईनं विचार केला. खरोखरच केला, कपाळाच्या अर्ध्या भागावर आठ्या जमल्या.

“नको,” ती म्हणाली. “ती आली की मला डोळे मिटावे लागतात.”

आणि तिनं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.